ताप चालू असताना की उतरल्यावर? विषाणूतापात मेंदू आणि नसांवर येणारी दुर्मिळ संकटं (चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गोदाकाठ

महालक्ष्म्या झाल्या की दिवाळीपर्यंत आपल्याकडचे दवाखाने तापानं भरून जातात. डेंग्यू, चिकुनगुन्या, फ्लू, अधूनमधून गोवर. बहुतेकांचा ताप पाच-सात दिवसांत उतरतो आणि माणूस कामाला लागतो. मोजक्या रुग्णांत मात्र विषाणू मेंदूत शिरतो, नाहीतर त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. दुर्मिळ असल्यामुळे पहिल्या दवाखान्यात ते ओळखू येत नाही. 'अशक्तपणा आहे, दोन सलाईन लावा' इथंच गाडी थांबते आणि हातात असलेले तास तिथंच जातात.

तपासणीचं यंत्र नसलं तरी एक प्रश्न कुठंही विचारता येतो. लक्षण ताप चालू असताना आलं की उतरल्यावर, आणि किती दिवसांनी? तापातच लेकरू बरळायला लागलं, आकडी आली, डोळे फिरवले, तर विषाणू मेंदूत गेलाय किंवा साखर, सोडियम, यकृत यांपैकी काहीतरी बिघडलंय. तापात शुद्ध ठणठणीत, पण एका रात्रीत पायातून जीव गेला, तर रक्तातलं पोटॅशियम घसरलंय का ते बघा. ताप उतरून आठ-पंधरा दिवस झाले, माणूस रानात जायला लागला आणि मग पायऱ्या चढता येईनात, तर गियां-बारे, म्हणजे जीबीएस; यात प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. ताप उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा गुंगी, नजर गेली, चाल बिघडली, तर एडीईएम; यात प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. आणि गोवराचा एक प्रकार सहा ते दहा वर्षांनी उगवतो.

तारखा कागदावर लिहून घ्या. नातेवाईक 'आठ दिवसांपासून' म्हणतात, त्यात तापाचे किती आणि लुळेपणाचे किती हे वेगळं काढावं लागतं. 'पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला गेला होता का?' असं विचारलं की तारीख बरोबर निघते.

मांजराकाठी

पोटॅशियम आणि जीबीएस यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

दोन्हींत माणूस शुद्धीवर असतो, हातपाय ढिले पडतात, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही किंवा कमी उडतो. फरक वेगात आणि तारखेत आहे. डेंग्यूतलं पोटॅशियम साधारण तापाच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी घसरतं. रात्री चालत लघवीला गेलेला माणूस पहाटे उठू शकत नाही. मांड्या आणि खांदे आधी जातात, मुंग्या येत नाहीत, तोंड वाकडं होत नाही. जीबीएस मात्र खालून वर चढतो. पायाच्या बोटांना मुंग्या, मग घोट्यात लटपट, मग गुडघे, मग हात, असं करत दोन-चार दिवस ते दोन आठवडे वाढत जातो. कंबर आणि मांड्या खूप दुखतात, त्यामुळे पुष्कळ जण आधी हाडाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेले असतात. दोन्ही बाजूंनी चेहरा ढिला पडणं ही तर जीबीएसची मोठी खूण. दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे तोंड वाकडं दिसत नाही. 'डोळे घट्ट मीट' म्हटल्यावर पापण्यांखाली पांढरं दिसत राहतं, तेव्हा कळतं.

तालुक्याच्या ठिकाणीही दोन गोष्टी मिळतात, रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी. लिटरला ३.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या (क्षार मोजायचं एकक) खाली म्हणजे कमी, २.५ च्या खाली गेलं की हृदयाची लय बिघडायची भीती. ईसीजीत टी लाट चपटी होते आणि तिच्यामागे छोटी यू लाट दिसते.

गिळता येत असेल तर तोंडावाटेच द्या. बाजारातल्या नेहमीच्या सिरपमध्ये १५ मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, ते पेलाभर पाण्यातून द्यायचं. नुसतं दिलं तर पोटात आग पडते आणि उलटी होते. शिरेतून द्यायचंच तर १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. मोठ्या माणसाला एक अँप्यूल ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, कमीत कमी दोन तासांत. हाताच्या शिरेतून ताशी १० च्या वर नाही. आधी लघवी होते आहे याची खात्री करा, बाटली उलटीसुलटी करून नीट मिसळा, आणि अँप्यूल सरळ शिरेत कधीच नाही. हृदय जागेवर थांबतं.

चूक बहुतेक वेळा सलाईन निवडताना होते. पोटॅशियम ग्लुकोजच्या बाटलीत घातलं की साखरेपाठोपाठ इन्शुलिन वाढतं, ते उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींच्या आत ढकलतं आणि माणूस आणखी ढिला पडतो. दुसरी गोष्ट, डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचे दिवस असतील तर ही ५०० मिलीही दिवसाच्या हिशोबात धरा. नीट भरून निघालं तर एक-दोन दिवसांत रुग्ण चालत घरी जातो. दर ४-६ तासांनी पोटॅशियम पुन्हा बघा, कारण पेशींत गेलेलं परत बाहेर येतं आणि ते एकदम वर जाऊ शकतं. असा लुळेपणा पुन्हा आला तर थायरॉईड तपासायलाच हवा.

लहान मुलांत तिसरी शक्यता असते. फ्लूचा ताप उतरता उतरता लेकरू चालायलाच तयार नाही, पोटऱ्यांना हात लावू देत नाही, टाचा उचलून चालतं. हातोडीला पाय छान उडतो. हा स्नायूंचा दाह. रक्तात सीपीके, म्हणजे दुखावलेल्या स्नायूंतून येणारं द्रव्य, वाढलेलं असतं, साधारण आठवड्याच्या आत आपोआप जातो. लघवी चहासारखी झाली तर मात्र दाखल करा.

वॉर्ड नंबर सात

जीबीएसच्या रुग्णाजवळ बसणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. श्वासाचे स्नायू थकत असताना ९८ दाखवत राहतो आणि तो पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

त्याऐवजी एका दमात आकडे मोजायला लावा. पूर्ण श्वास आत घ्यायला सांगा आणि साधारण एका सेकंदाला दोन आकडे या वेगानं मोठ्यानं म्हणायला लावा. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. वीसच्या खाली आला की आयसीयूत हलवायची वेळ झाली. सकाळी ३०, दुपारी २४, रात्री १८ हा उतार एका आकड्यापेक्षा महत्त्वाचा, म्हणून दर ४ तासांनी चार्टवर लिहा. आकडे येत नसतील तर 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायला लावा आणि किती वेळा झालं ते मोजा. तोच रुग्ण, तोच शब्द.

सोबत बघायचं: उशीवरून मान उचलता येते का, खोकल्यात जोर आहे का, पाणी पिताना नाकातून येतं का, आवाज बारीक झालाय का, कपाळाला घाम आलाय का. मान उचलता येईना म्हणजे श्वासाचा पडदाही मागोमाग जाणार. पाण्याचा घोट घेताना ठसका लागला की तोंडानं देणं बंद, नाकातून नळी.

घशातला कफ ओढताना नाडी एकदम ३०-४० वर येऊ शकते, कारण या आजारात आपोआप चालणाऱ्या नसाही बिघडतात. सक्शनआधी ऑक्सिजन वाढवा आणि नाडी वाढवणारं अॅट्रोपिन भरून ठेवा. रक्तदाब एका तासात १९० आणि पुढच्या तासात ९० होतो, तेव्हा जास्त वेळ टिकणारी बीपीची औषधं घाईनं देऊ नका. लघवी तुंबते, पोट फुगतं, रोज हात लावून बघा. डोळे मिटत नसतील तर दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर कागदी पट्टी. बुबुळावर एकदा फूल पडलं की आजार बरा होऊनही नजर अधू राहते.

बालाघाट

वरच्या माहितीबद्दल आभार. प्राथमिक आरोग्य केंद्रात असा रुग्ण आला तर पाठवण्याआधी स्टिरॉइडचा एक डोस द्यावा का? खाली सर्रास देतात. आणि पाठवताना काय सांभाळायचं?

गोदाकाठ

जीबीएसला स्टिरॉइड नाही. त्याचा उपयोग होत नाही हे चाचण्यांतून स्पष्ट झालेलं आहे. तोंडावाटे दिलेल्यांची सुधारणा उलट मंदावते. पोटॅशियमचा लुळेपणा असेल तर स्टिरॉइडनं ते आणखी खाली जाईल. म्हणजे निदान पक्कं नसताना ते इंजेक्शन दोन्हीकडून तोट्याचं. स्टिरॉइड लागतं ते एडीईएममध्ये, आणि फ्लूनंतर लहान मुलांत होणाऱ्या नेक्रोटायझिंग एन्सेफलोपथीत (मेंदूचे भाग झपाट्यानं मरतात), जिथं एमआरआयवर मेंदूच्या मधले दोन्ही थॅलॅमस सारखेच जळल्यासारखे दिसतात. तिथं मिथाइलप्रेडनिसोलोन किलोला ३० मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. नेक्रोटायझिंगमध्ये पहिल्या २४ तासांत सुरू झालं तर फायदा जास्त. पण ते एमआरआय झाल्यावर, मोठ्या रुग्णालयात.

पाठवताना १०८ ला फोन करून 'श्वास थांबू शकतो, व्हेंटिलेटरची गाडी द्या' असं स्पष्ट सांगा. सगळ्या गाड्यांत व्हेंटिलेटर नसतो. पुढं कुठं बेड आहे ते आधी विचारा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी, जे जवळ ते. किनवट-माहूरकडून नांदेड गाठायला तीन तास कुठं गेले नाहीत, त्यामुळे एका दमातले आकडे वीसच्या आसपास असतील तर निघण्याआधीच श्वासनलिकेत नळी घालायची का, हे वरिष्ठांशी फोनवर ठरवा. नळी घालताना स्नायू ढिले करायला सक्सिनिलकोलिन वापरू नका, नसा तुटलेल्या स्नायूंतून पोटॅशियम उसळून हृदय थांबतं. त्याऐवजी रोक्युरोनियम वापरा.

विष्णुपुरीकर

आता तापातच बेशुद्ध होणारं लेकरू. इथं पहिला तास सगळं ठरवतो.

आकडी चालू असेल तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलामचा नाकातला फवारा, किलोला ०.२ मिलिग्रॅम. १० किलोच्या लेकराला २ मिलिग्रॅम. एका फवाऱ्याला ०.५ मिलिग्रॅम देणारी बाटली असेल तर ४ फवारे, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन. जास्त ताकदीच्या बाटल्याही मिळतात, तेव्हा लेबल वाचूनच. शीर मिळाली असेल तर लोराझेपाम किलोला ०.१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ४. हे अँप्यूल फ्रीजमध्ये ठेवायचं असतं, उन्हाळाभर कपाटात पडलेलं असेल तर त्याचा भरवसा नाही. तरी थांबली नाही तर लेव्हेटिरासेटाम किलोला ४० मिलिग्रॅम, १०-१५ मिनिटांत. फेनिटोइन देत असाल तर फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. ग्लुकोजमध्ये त्याचे खडे होतात.

त्याच वेळी बोटाला टोचून साखर बघा. ६० च्या खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला २ ते ५ मिली. दोन दिवस न जेवलेलं लेकरू निव्वळ साखरेअभावीही बेशुद्ध होतं.

सलाईनबद्दल कळकळीनं सांगतो. लहान मुलांचं म्हणून मिळणारं कमी सोडियमचं सलाईन मेंदूज्वरात देऊ नका. नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतं, त्या बाटलीत पंचविसाच्या आसपास. मेंदूच्या आजारात शरीर आधीच पाणी धरून ठेवतं. वरून पातळ सलाईन दिलं की सोडियम १२५ च्या खाली जातं, मेंदू फुगतो आणि पुन्हा आकडी. डीएनएस (साखर घातलेलं नॉर्मल सलाईन) किंवा नॉर्मल सलाईन वापरा. डोकं ३० अंश वर, मान सरळ मधोमध. मान एका बाजूला वळलेली असली तरी डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं.

विषाणू वाटत असला तरी सेफट्रायाक्सोन किलोला ५० मिलिग्रॅम दर १२ तासांनी सुरू करा, कारण जिवाणूंचा मेंदूज्वर असाच दिसतो. मलेरियाची पट्टी करा. काखेत, जांघेत, कानामागे सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली शोधा. दिसली तर स्क्रब टायफस, आणि तो डॉक्सिसायक्लिननं बरा होतो. विषाणूच्या नावाखाली बरा होण्यासारखा आजार निसटणं, याहून वाईट काही नाही.

खडकपूर्णा

मोठ्या माणसांतला नागीण गटातला विषाणू, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स, यात आणायला हवा. यावर औषध आहे. ताप, डोकेदुखी आणि दोन-तीन दिवसांत वागणं बदलतं. घरच्यांना ओळखत नाही, तेच तेच विचारतो, नसलेले वास येतात म्हणतो. घरचे 'बाहेरचं झालं' म्हणून अंगारा लावत बसतात. औषधाविना दहातले सात दगावतात.

अॅसायक्लोव्हिर किलोला १० मिलिग्रॅम दर ८ तासांनी. ५० किलोला ५०० मिलिग्रॅम, १०० मिली सलाईनमध्ये, पूर्ण एक तास घेऊन. घाईनं दिलं की मूत्रपिंडात त्याचे स्फटिक अडकतात आणि तिसऱ्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावल्याची खूण, चढतं. पाणी भरपूर, क्रिएटिनिन रोज. १४ ते २१ दिवस, गोळ्यांवर लवकर नेऊ नये. पहिल्या तीन दिवसांत पाठीतल्या पाण्याची (मणक्यातून सुईनं काढलेल्या) विषाणू शोधणारी पीसीआर खोटी नकारात्मक येऊ शकते. तेवढ्यावर औषध बंद न करता ३ ते ७ दिवसांत पाणी पुन्हा काढा.

बरं होऊन घरी गेल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा चिडचिड, तोंड वेडंवाकडं हलणं, झोप जाणं सुरू झालं तर विषाणू परतलाय असं धरून चालू नका. मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडं तपासा. तो प्रतिकारशक्तीचा उलटा हल्ला असतो आणि त्याचे उपचार वेगळे.

पाठीतल्या पाण्याची भीती घालवायला नातेवाइकांना दोनच गोष्टी सांगा. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, कमरेच्या दोन्ही हाडांना जोडणाऱ्या रेघेवर जाते; तिथं फक्त नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात आणि ते सुईपुढून बाजूला सरकतात. दुसरी, शरीर हे पाणी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास तयार करतं. काढलेले तीन-चार मिली पाव तासात भरून निघतात.

कधी काढायचं नाही हेही तितकंच पक्कं. प्लेटलेट ५०,००० च्या खाली, डोळ्याची एक बाहुली मोठी, नाडी मंद आणि रक्तदाब चढता, टोचायच्या जागी पू. उपचार त्यासाठी थांबवायचे नाहीत. तीन बाटल्या, प्रत्येकी एक मिली. त्याच वेळी रक्तातली साखरही काढा, नाहीतर पाण्यातली साखर कमी की बरोबर हे ठरवता येत नाही. विषाणूसाठीची बाटली बर्फाच्या डब्यात २ ते ८ अंशांवर, पण जिवाणू कल्चरची बर्फात घालू नका, गारठ्यानं जंतू मरतात. दोन्ही एकाच डब्यात जातात आणि कल्चर कोरं येतं, हे फार होतं.

बालाघाट

मेंदू फुगला की सूज उतरवायला मॅनिटॉलची बाटली लावतात, इथवर ठीक. पण डेंग्यूचं लेकरू शॉकमध्ये आणि बाहुली मोठी झालेली, तेव्हाही मॅनिटॉल?

विष्णुपुरीकर

नाही. मॅनिटॉल लघवीवाटे पाणी काढतं आणि आधीच रिकाम्या झालेल्या रक्तवाहिन्या आणखी रिकाम्या होतात. रक्तदाब पडला की मेंदूला रक्तच मिळत नाही, मग सूज उतरवून काय उपयोग? तिथं ३ टक्के सलाईन, किलोला ३ ते ५ मिली, १५-२० मिनिटांत. रक्तदाब चांगला असेल तर २० टक्के मॅनिटॉल किलोला २.५ ते ५ मिली, २०-३० मिनिटांत. थंडीत बाटलीत बारीक सुयांसारखे स्फटिक दिसतात. बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पूर्ण विरघळल्यावर, गाळणीच्या सेटनंच लावा.

शिवाय डेंग्यूतली प्रत्येक बेशुद्धी विषाणूची नसते. यकृत, सोडियम, साखर, डोक्यातला रक्तस्राव हे चारही बघितल्यावरच 'डेंग्यू मेंदूत गेला' म्हणा. आणि तापाला पॅरासिटामॉल सोडून दुसरं काही नको. लेकरांना अॅस्पिरिन तर फ्लू-कांजण्यांतही नाही. त्यानं राय सिंड्रोम होतो, यकृत आणि मेंदू दोन्ही जातात.

माळवद

चांदीपुराबद्दल थोडं. हा विषाणू १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावी सापडला, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं तो शोधला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा साथ आली. पंधरा वर्षांखालची मुलं, सकाळी ताप, संध्याकाळी आकडी, कधी २४-४८ तासांत सगळं संपतं. औषध नाही, लस नाही. वरचा पहिला तास नीट सांभाळणं हाच उपचार.

पसरवते वाळूमाशी. डासापेक्षा बरीच लहान, दोन-तीन मिलिमीटर, उडते कमी आणि टुणटुण उड्या जास्त मारते, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे. दिवसा भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, शेणाच्या ढिगाशेजारी ओलसर सावलीत बसते आणि रात्री चावते. आपली माळवदाची घरं आणि घराला लागून गोठा म्हणजे तिला हवी तशी जागा. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आत येते, औषध लावलेली जाळी हवी. भिंतींच्या भेगा माती-शेणानं नाही, चुना किंवा सिमेंटनं बुजवा. शेणाच्या ओलाव्यात तिची अंडी वाढतात. लेकरांना अंगभर कपडे आणि जमिनीऐवजी खाटेवर झोपवा, ती उंच उडत नाही.

डेंग्यूचं गणित वेगळं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून आपण रांजण, बॅरल, हौद भरून ठेवतो आणि डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं चक्रही त्याच आठ-दहा दिवसांचं. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर काठाला चिकटतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. काथ्यानं घासून काढा, मग भरा. हौद रिकामा करणं परवडत नसेल तर गप्पी मासे सोडा, बॅरलला सुती कापड दोरीनं घट्ट बांधा.

कोयता_ते_कार्ड

गोवराचा उशिरा येणारा प्रकार इथं एका ओळीत गेला, तो आपल्या भागाला जवळचा आहे म्हणून लिहिते. एसएसपीई. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या लेकराला धोका सर्वात जास्त. सहा-दहा वर्षांनी शाळेत मागं पडतं, अक्षर बिघडतं, मग हातातली ताटली पडते, मान एकदम खाली जाते. झटका ठरावीक लयीनं, दर काही सेकंदांनी येतो. लेकरू शुद्धीत असतं, म्हणून नेहमीच्या फेफऱ्याहून वेगळं दिसतं. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या आलेखात, तीच लय, ४ ते १० सेकंदांच्या अंतरानं, आणि पाठीतल्या पाण्यात गोवराची प्रतिपिंडं. बरा करणारा उपचार नाही. लस आहे.

लसीचे डोस ९ ते १२ महिन्यांत एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा. बीड, धाराशिव, जालन्यातली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत फडावर. नेमका त्या सहा महिन्यांत दुसरा डोस येतो आणि राहतो. म्हणून आशाताई आणि एएनएमताईंनी सप्टेंबरातच यादी करावी. ज्या लेकराला निघण्याआधी १६ महिने पूर्ण होतात त्याला इथंच डोस, बाकीच्यांच्या आईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड आणि त्यावर पुढची तारीख मोठ्या अक्षरात. कारखान्याजवळच्या केंद्रात कार्ड दाखवलं की लस मिळते. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. पाचटाच्या कोपीत कागद टिकत नाही.

गोवर झालाच तर जीवनसत्त्व अ लागोपाठ दोन दिवस. वर्षाच्या पुढं २ लाख युनिट म्हणजे नेहमीच्या सिरपचे २ मिली, ६ ते ११ महिन्यांना १ मिली.

पूर्णाकाठ

जीबीएसमधल्या फिजिओथेरपीबद्दल. लुळेपणा वाढत असतानाच्या दिवसांत रुग्णाला उभं करायचा हट्ट नको. दर २ तासांनी कूस बदलणं, प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा पूर्ण फिरवणं, पाऊल ९० अंशांत राहील असा स्प्लिंट. तो नसेल तर जाड पुठ्ठा आणि कापसाची पट्टी चालते, टाचेखाली मात्र पोकळी ठेवा, नाहीतर टाचेला जखम होते. तेलानं जोरजोरात चोळू नका. संवेदना बिघडलेल्या असतात आणि दुखणं वाढतं. जोर परत यायला लागला की व्यायाम थकायच्या आत थांबवा. दुसऱ्या दिवशी जास्त गळून गेला तर आदल्या दिवशीचा व्यायाम जास्त झाला.

दोन ते चार आठवड्यांत उतार थांबतो, मग काही दिवस जैसे थे, मग ज्या क्रमानं गेलं त्याच्या उलट क्रमानं परत येतं. सहा महिन्यांत साधारण दहातले आठ आधाराशिवाय चालतात. हे घरच्यांना पहिल्याच आठवड्यात सांगा. शेत विकायला निघण्याआधी त्यांना ते कळायला हवं.

मांजराकाठी

पैशाचा विषय निघालाच म्हणून हिशोब देतो. आयव्हीआयजी, म्हणजे जीबीएसवर शिरेतून द्यायची दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, किलोला रोज ०.४ ग्रॅम, ५ दिवस, एकूण किलोला २ ग्रॅम. २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम म्हणजे ५ ग्रॅमच्या ८ बाटल्या. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, २४ बाटल्या. आजार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, आणि स्वतः चालता येत नसेल तेव्हा नक्की. पहिला कोर्स होऊनही सुधारणा दिसत नाही म्हणून लगेच दुसरा देऊन फायदा होत नाही, हे २०२१ मध्ये चाचणीतून दिसलंय. कर्ज काढून दुसरा कोर्स करू नका. प्लाझ्मा बदलणं तितकंच गुणकारी आहे, दोन आठवड्यांत ५ वेळा, पण यंत्र असलेल्या ठिकाणीच. महात्मा फुले योजनेचं काम दाखल होताच आरोग्यमित्राकडून सुरू करून घ्या. रेशनकार्ड आणि आधार गावाकडून मागवण्यात दोन दिवस जातात.

बाटली फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हलवू नका, फेस होतो. पहिला अर्धा तास अगदी सावकाश, किलोला ताशी अर्धा मिली. थंडी, डोकेदुखी, छातीत जड वाटलं तर थांबवून मग निम्म्या वेगानं. त्याच नळीतून दुसरं औषध नाही.

आणि पंधरा वर्षांखालचं कुठलंही लेकरू अचानक लुळं पडलं तर निदान जीबीएस असो वा दुसरं काही, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवायचं. पोलिओवरची नजर यावरच चालते. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांत शौचाचे दोन नमुने, २४ तासांच्या अंतरानं, अंगठ्याएवढे म्हणजे साधारण ८ ग्रॅम, बर्फाच्या डब्यात. ६० दिवसांनी पुन्हा पाय तपासायला कुणीतरी येतं, तेव्हा पत्ता ऊसतोडीच्या ठिकाणचा असेल तर तोही फॉर्मवर लिहा.

कोयता_ते_कार्ड

एक शंका. आयव्हीआयजी झालेल्या लेकराला गोवराची लस राहिली असेल तर कधी द्यायची?

गोदाकाठ

किलोला २ ग्रॅम दिलं असेल तर साधारण ११ महिने थांबा. दात्यांच्या रक्तातून आलेली गोवराची प्रतिपिंडं त्या बाटलीत असतात, ती लसीचा विषाणू रुजूच देत नाहीत. डोस कार्डावर चढतो पण संरक्षण मिळत नाही. पेंटाव्हॅलंटसारख्या मृत लसींना ही अडचण नाही, पण जीबीएस होऊन गेलेल्या लेकराला कुठल्या लसी कधी द्यायच्या हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. घरी सोडताना शेवटच्या बाटलीची तारीख आणि त्यापुढचा अकरावा महिना, दोन्ही त्याच कार्डावर लिहून द्या.